बीएमडब्ल्यू एक्स३ एम४०आय की मर्सिडीज-एएमजी जीएलसी ४३ : पळायला कोण भारी?

दोन्ही गाड्या मित्रांच्या, दोन्ही पुण्यातच चालवल्या, त्यामुळे कागदावरचं बाजूला ठेवून सांगतो. कागदावर एएमजी ४२१ हॉर्सपॉवर, बीएमडब्ल्यू ३६०, आणि तरी ० ते १०० ला ४.८ आणि ४.९ सेकंद, म्हणजे ६१ घोडे जास्त असून फरक फक्त ०.१ चा!

खरी गंमत टॉर्कमध्ये, म्हणजे इंजिनच्या फिरवण्याच्या जोरात आहे. दोघींचा ५०० न्यूटन मीटरच, पण बीएमडब्ल्यूचं ३ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन तो १९०० आरपीएमलाच (मिनिटाला १९०० फेरे) देतं आणि ५००० पर्यंत सोडत नाही, एएमजीच्या २ लिटर चार सिलिंडरला पूर्ण ५०० साठी ५००० गाठावे लागतात. एएमजीच्या टर्बोला (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) इलेक्ट्रिक मोटर आहे म्हणून लॅग, म्हणजे जोर यायला लागणारा उशीर, जाणवत नाही, मान्य, पण चांदणी चौकात बावधनकडून हायवेला लागताना मागून ट्रक येतोय आणि पटकन गॅप पकडायचाय, तिथे बीएमडब्ल्यू पाय ठेवल्या ठेवल्या सुटते, गिअरबॉक्स विचार करत बसत नाही. आणि तो आवाज, आहाहा!

एएमजी वरच्या आरपीएमला खरंच वेडी होते, तळेगावच्या टोलवरून निघालं की कळतं, पण एक्सप्रेसवेला लिमिटच १०० ची. मी बीएमडब्ल्यूच घेईन.