पोर्सेलीनची माती: स्वतः कालवावी की तयार घ्यावी?

पोर्सेलीनची माती खाणीतून तयार निघत नाही. ती मुळातच मिश्रण असते. चीनमधील जिंगदेझन येथे पांढरी चिनी माती आणि एका विशिष्ट दगडाची पूड एकत्र मळत असत, आणि त्या पांढऱ्या मातीचे ‘केओलिन’ हे नावही तिथल्याच गाओलिंग गावावरून आले. आजचे पाठ्यपुस्तकी प्रमाण ५० भाग केओलिन, २५ भाग फेल्डस्पार (भट्टीत वितळून बाकीचे घटक सांधणारे खनिज) आणि २५ भाग क्वार्ट्झ (म्हणजे सिलिका) असे असून ते सुमारे १२८० ते १३०० अंश सेल्सियसला पिकते. हे तिन्ही घटक भारतात मिळतात. मात्र सिंधुदुर्गातल्या कासार्ड्याची सिलिका वाळू उचलून तशीच घालता येत नाही, तिची २०० मेशच्या (इंचाला २०० छिद्रांच्या) चाळणीतून गेलेली बारीक पूडच लागते.

निर्णय बहुधा पैशांवर घेतला जातो. माझ्या मते आधी पाहायचे ते हे, की तुम्ही चाकावर काम करता की साच्यात ओतता.

चाकावर काम करणाऱ्याने तयार मातीच घ्यावी. केओलिनला मुळात लोच कमी असते. दोन-तीन टक्के बेंटोनाइट (अतिशय चिकट माती) घालून ती वाढवता येते, पण बेंटोनाइटमध्ये लोह असल्यास ज्या पांढरेपणासाठी हा खटाटोप केला तोच मळकट होतो, आणि बॉल क्ले ही दुसरी लोचदार माती घातली तरी तीच अडचण येते. कारखान्यात निर्वात पगमिलमधून (हवा शोषत माती मळणाऱ्या यंत्रातून) निघालेल्या मातीत हवा उरत नाही, तर घरी तेच काम हाताने मळून आणि मिश्रण काही आठवडे ओले मुरवत ठेवून करावे लागते, आणि तरीही भांडे ओढताना कडा फाटू शकते.

साच्यात ओतणाऱ्याचे गणित मात्र उलटे आहे. त्याला लोच फारशी लागत नाही. पातळ पण कमी पाण्याचा घोळ लागतो, जो थोड्याशा सोडियम सिलिकेटने साधतो. शिवाय तयार घोळ विकत घेणे म्हणजे पाण्याचेही वाहतूक-भाडे भरणे. ड्रिलला लावलेले ढवळणे, ८० मेशची चाळणी आणि चांगला वजनकाटा एवढ्यावर हे काम भागते.

स्वतः कालवण्याचा खरा लाभ नियंत्रणाचा आहे. भट्टी १२२० अंशांपुढे जात नसेल, तर वरचे प्रमाण तिथे कच्चे राहते; मग फेल्डस्पार वाढवून किंवा त्याऐवजी कमी तापमानाला वितळणारा नेफेलीन सायनाइट हा खडक वापरून मिश्रण आपल्या भट्टीला जुळवून घेता येते. तयार मातीत ही मुभा नसते, पण दर गोणीला आकुंचन जवळपास तेच मिळते, आणि झाकणाची भांडी करणाऱ्याला त्याचे मोल कळते.

धुळीच्या बाबतीत तडजोड नको. क्वार्ट्झची सूक्ष्म धूळ श्वासातून गेल्यास सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. कापडी मास्क इथे कामाचा नाही, योग्य श्वसनयंत्र हवे. पूड हळूहळू पाण्यात सोडावी, जमीन झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. सदनिकेत स्वयंपाकघराला लागून काम चालत असेल, तर कोरडी पूड घरात आणूच नये.

तरीही करायचेच असेल, तर पहिली खेप एक किलोची असावी. ओल्या पट्टीवर १० सेंटिमीटरची खूण करून ती पूर्ण तापमानाला भाजावी. खूण साधारण ८.५ ते ८.८ सेंटिमीटरवर आली आणि पट्टी वाकली नाही, तरच दहा किलोचा विचार करावा.