पावसाच्या अंदाजावर मांडव: एन-एट-एन वापरून पाहिलं

निकाल आधीच सांगते. पाऊस येणार की नाही, हे एन-एट-एन तुमच्या फोनमधल्या हवामान ॲपपेक्षा जास्त बरोबर सांगत नाही. सांगणार कसं, आकडे त्याचे नाहीतच. ते आकडे कुणाच्या कानावर, किती वाजता घालायचे, एवढंच ते बघतं. आमच्या धंद्यात घोडं नेमकं तिथेच अडतं.

मी लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं करते, अधूनमधून कंपन्यांचे कार्यक्रमही. बरीचशी कामं पुण्यात म्हात्रे पूल ते राजाराम पूल या डीपी रोडवरच्या लॉन्सवर, काही मुळशीकडच्या रिसॉर्टवर. मुंजींचा मोसम एप्रिल-मे, म्हणजे ऐन वळवाचा. दुपारी चारपर्यंत रणरणतं ऊन, पाचला सिंहगडाच्या बाजूने काळं होतं आणि यजमान विचारतात, "काही होणार नाही ना हो?" जणू वरचं खातं माझ्याकडेच आहे.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: एन-एट-एन (n8n) हे बर्लिनच्या कंपनीचं, २०१९ मध्ये आलेलं, ठरावीक कामं आपोआप करून घेण्याचं साधन. पडद्यावर चौकोन मांडायचे आणि एकातून दुसऱ्यात रेघ ओढायची. माझ्या साखळीतला पहिला चौकोन रोज सकाळी सहाला जागा होतो. दुसरा गूगल शीटमधून पुढच्या पाच दिवसांतली कार्यं उचलतो, तिसरा त्या जागेचा अंदाज ओपनवेदर या हवामानाचे आकडे पुरवणाऱ्या सेवेकडून आणतो, चौथा अटी तपासतो आणि गरज असेल तरच पाचवा मला टेलिग्रामवर कळवतो. ओपनवेदरचा चौकोन तयारच मिळतो, फक्त त्यांच्याकडून चावी (एपीआय की, म्हणजे सेवा वापरण्याचा सांकेतिक क्रमांक) घ्यावी लागते. शहराचं नाव 'पुणे' घालू नका, लॉनचे अक्षांश-रेखांश घाला. मुळशीला धो धो आणि वाघोलीला धूळ, हे आपल्याकडे एकाच दुपारी होतं.

ओपन-मीटिओ हा दुसरा पर्याय. त्याला चावी लागत नाही, अंदाज तासातासाचा आणि १६ दिवसांपर्यंतचा. पण त्यांची फुकट सेवा बिगर-व्यावसायिक वापरासाठी आहे. सोसायटीची कोजागिरी असेल तर खुशाल वापरा. आपण पैसे घेऊन लग्नं उभी करतो, तेव्हा त्यांचं वर्गणीचं पान बघावं.

अशा साधनांना 'नो-कोड' म्हणतात, आता त्याबद्दल. कोड लिहावा लागत नाही हे खरं, पण महिरपी कंसातल्या सूत्रांशी दोस्ती करावीच लागते. एक्सेलमध्ये 'इफ' लिहिता येत असेल तर जमेल. ओपनवेदरकडून पाच दिवसांच्या ४० ओळी येतात, दर तीन तासांची एक. त्यांची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. १२:०० लिहिलेली ओळ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच, म्हणजे गोरज मुहूर्ताची गडबड सुरू होण्याची वेळ. साडेपाच तास मिळवले नाहीत तर तुम्ही भलत्याच प्रहराचा पाऊस बघत बसाल. दुसरी खोच अशी की पाऊस नसेल तर पावसाचा रकाना शून्य दाखवत नाही, तो येतच नाही. 'नसेल तर शून्य धर' असं सूत्रात घालावं लागतं. तिसरी गोष्ट घड्याळाची. स्वतःच्या सर्व्हरवर बसवलेलं एन-एट-एन मुळात न्यूयॉर्कच्या वेळेवर असतं. सेटिंगमध्ये 'एशिया/कोलकाता' निवडलं नाही, तर सकाळी सहाचा निरोप दुपारी उगवेल, तोवर मांडववाल्याचा टेम्पो निघून गेलेला असतो.

खरा विचार करावा लागतो तो अटींचा, आणि तो कुठलंच साधन तुमच्या वतीने करत नाही. प्रत्येकाला कळायची वेळ वेगळी. मांडववाल्याला वॉटरप्रूफ छत लावायचं तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळलं पाहिजे. केटररला काउंटर हॉलमध्ये हलवायचे तर त्या सकाळी सांगितलं तरी चालतं. साउंडवाल्याला तासभर पुरतो, तो प्लास्टिक गाडीत घेऊनच फिरतो. म्हणून माझ्या शीटमध्ये प्रत्येकाचा रकाना वेगळा आणि उंबरठाही वेगळा. दोन दिवस आधी शक्यता ०.४ च्या (म्हणजे ४० टक्क्यांच्या) वर गेली की मांडववाल्याला फक्त "माल धरून ठेवा". आदल्या दिवशी शक्यता निम्म्याच्या वर आणि शिवाय तीन तासांत २ मिलिमीटरहून जास्त पाऊस दिसला, तरच "लावा". नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका. शक्यता ऐंशी टक्के आणि पाऊस अर्धा मिलिमीटर, असं जूनमध्ये खूपदा दिसतं. तेवढ्याने पाहुण्यांचे फेटेही भिजत नाहीत.

आणि वारा. पावसापेक्षा मी वाऱ्याला जास्त घाबरते. भिजलेलं कापड वाळतं, पण फुलांची भिंत किंवा एलईडीचा सांगाडा आडवा झाला तर माणसं खाली असतात. अंदाजात वाऱ्याच्या झोताचा आकडा असतो, मीटर प्रति सेकंदात. ३.६ ने गुणलं की किलोमीटर प्रति तास. १२ दिसलं म्हणजे ताशी ४३. माझी अट त्याच्या बरीच अलीकडे लावलेली आहे. हवामानाच्या सूचना म्हणून जे तयार नमुने मिळतात, त्यातल्या बऱ्याच जणांचं लक्ष फक्त छत्रीवर असतं.

मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे 'पाठवा आणि उत्तराची वाट बघा'. टेलिग्रामवर निरोपाखाली दोन बटणं येतात. मी त्यांना 'सांगा' आणि 'थांबा' अशी नावं दिली आहेत. मी दाबेपर्यंत साखळी पुढे सरकत नाही. यजमानांना यंत्राने परस्पर निरोप पाठवणं मला पटत नाही. नवरीच्या आईला सकाळी सहाला "पावसाची शक्यता ६२ टक्के" असं कळवून काय साधणार? घरच्या लॅपटॉपवर चालवणार असाल तर मात्र ही बटणं बाहेरून उघडणार नाहीत, आणि लॅपटॉप झोपला की साखळीही झोपते.

व्हॉट्सॲपचं विचाराल, तर तिथे वेगळा नंबर नोंदवा, ठरलेल्या मजकुराची आधी मंजुरी घ्या, मगच आपणहून निरोप पाठवता येतो. लहान धंद्याला एवढा खटाटोप परवडत नाही. तसंही आमचे मांडववाले काका निरोप वाचत नाहीत, निळ्या खुणा तेवढ्या करतात. त्यांना फोनच करावा लागतो.

खर्च: स्वतःच्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर फुकट, भाड्याचा सर्व्हर महिना काही शे रुपयांत. त्यांच्या क्लाउडवर घेतलं तर बिल युरोत. झेपियर हे अशाच कामाचं दुसरं साधन पायरीगणिक मोजतं, 'मेक' नावाचं तिसरंसुद्धा साधारण तसंच. इथे अख्खी साखळी एकदा चालली की एक धरतात. ४० ओळी आणि चार-पाच कार्यं तपासायची असतील तर हा फरक जाणवतो.

न जमणाऱ्या गोष्टीही आहेत. वळीव या अंदाजांच्या चौकटीत मावत नाही. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत घडलेली आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम ही अंदाज प्रणालीसुद्धा ६ किलोमीटरची चौकट धरते, आणि तेवढ्यात कोथरूड, कर्वेनगर दोन्ही बसतात. ऐनवेळी मी हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा बघते आणि विजेसाठी 'दामिनी' ॲप, तेही आयआयटीएमचंच. डीपी रोडवाल्यांना आणखी एक काळजी आहे, ती म्हणजे नदी. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा खडकवासल्यातून किती क्युसेक सोडताहेत हाच कळीचा आकडा होता. तो माझ्या साखळीत येत नाही. पावसाळ्यात नदीकाठचं कार्य असेल तर विसर्गाची बातमी मी हातानेच बघते.

महिन्याला एखादंच कार्य करत असाल तर या भानगडीत पडू नका, हवामान खात्याचं 'मौसम' ॲप पुरे. एका दिवशी तीन ठिकाणी मांडव पडत असतील तर जरूर घ्या, पाचपैकी चार तारे. पाचवा त्या यूटीसीने घालवला.