लंडनच्या नॅशनल गॅलरीतले समुद्रकिनारे: काय पाहावं, कसं पाहावं

ट्रॅफल्गर चौकातल्या नॅशनल गॅलरीचा कायमचा संग्रह फुकट पाहता येतो, त्यामुळे एका फेरीत सगळं उरकायचा हव्यास नको. नुसत्या किनाऱ्याच्या चित्रांना तासभर द्या. शुक्रवारी गॅलरी रात्री ९ पर्यंत उघडी असते, एरवी संध्याकाळी ६ ला बंद होते.

पहिला मान फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या ‘त्रूव्हिलचा किनारा’ला (१८७०); त्रूव्हिल हे फ्रान्समधलं समुद्रकाठचं गाव. जेमतेम ३८ बाय ४६ सेंटिमीटरचं हे चित्र, व्हॅन गॉगची सूर्यफुलं शोधत निघालं की सहज नजरेतून सुटतं. डावीकडे पांढऱ्या पोशाखात बहुधा मोनेची बायको कामीय. उजवीकडे काळ्या कपड्यांत मान खाली घालून वाचणारी बाई चित्रकार बूदँची पत्नी असावी. तिचा चेहरा म्हणजे दोन-चार फटकारे, तरी ती वाचनात किती बुडालीय ते मानेच्या कलावरून कळतं. मधल्या रिकाम्या खुर्चीला लहान मुलाचा बूट अडकवल्यासारखा दिसतो.

आता थोडं बाजूला सरका आणि रंगाचा थर तिरक्या नजरेनं पाहा. त्यात वाळूचे कण आणि शिंपल्यांचे बारीक तुकडे रुतलेले आहेत. मोने खरोखरच किनाऱ्यावर बसून रंगवत होता, याचा याहून पक्का पुरावा नाही. वेबसाइटवरचा झूम उत्तम आहे, पुण्यात बसूनही एकेक फटकारा मोजता येतो. पण थराची जाडी सपाट फोटोत येत नाही, त्यासाठी मूळ चित्रच हवं.

त्यानंतर मोनेचाच समकालीन फ्रेंच चित्रकार देगाचं ‘किनाऱ्यावरचं दृश्य’ (सुमारे १८६९-७०) पाहा, फरक लगेच डोळ्यांत भरेल. कॅनव्हासवर चिकटवलेले कागदाचे तीन तुकडे, त्यावर टर्पेंटाइननं पातळ केलेला तैलरंग. म्हणून पृष्ठभाग कोरडा, चमक नसलेला. हे स्टुडिओत रंगवलंय: दाई मुलीचे केस विंचरतेय आणि पोहण्याचा पोशाख, छत्री वाळूवर मांडून ठेवल्यासारखी. रचना देखणी, पण खारा वारा मोनेकडेच.

एक अडचण आहे. देगाचं हे चित्र आयरिश कलासंग्राहक ह्यू लेन यांच्या वारशातलं. त्या वारशातली चित्रं लंडन आणि डब्लिन आपसांत वाटून घेतात, त्यामुळे ते नेमकं तुमच्या भेटीच्या वेळी डब्लिनला असू शकतं. निघण्यापूर्वी वेबसाइटवर त्या चित्राचं पान उघडा: चित्र लावलेलं असेल तर दालनाचा क्रमांक मिळतो. बूदँची किनाऱ्याची चित्रंही तशीच आधी शोधून ठेवा.