'पास्ट लाइव्ह्ज' की 'अटलांटिक्स'?
दोन्ही पदार्पणाचे चित्रपट, दोन्ही दिग्दर्शिकांची मुळं दोन देशांत. सेऊलमध्ये जन्मून बाराव्या वर्षी कॅनडात गेलेल्या सेलीन साँगचा 'पास्ट लाइव्ह्ज' (२०२३) हळुवार आहे. न्यूयॉर्कच्या बारमध्ये नायिका नोरा बालमित्र आणि नवरा यांच्यामध्ये बसते, एकाचं बोलणं दुसऱ्याला समजावते. पाहताना गलबलून येतं.

तरी आधी बघा फ्रेंच-सेनेगाली मती दियोपचा 'अटलांटिक्स' (२०१९). फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात ग्राँ प्री पुरस्कार मिळालेला. तिच्या वडिलांच्या डकारमध्ये, म्हणजे सेनेगलच्या राजधानीत घडतो, पात्रं तिथली वोलोफ भाषा बोलतात. बिल्डरने महिनोन्महिने मजुरी थकवलेली पोरं होडीतून स्पेनकडे निघतात, समुद्रात बुडतात. मग रात्री ती मुलींच्या अंगात येतात! डोळे पांढरेफट, बिल्डरच्या घरात ठाण मांडून हिशेब मागतात. पैसे घेऊनही सोडत नाहीत, त्यालाच त्यांच्या कबरी खणायला लावतात.