मेथ सोडवणाऱ्या केंद्राबद्दल : पाचपैकी साडेतीन तारे

मेथ म्हणजे मेथाम्फेटामाइन, झोप उडवणारा उत्तेजक अमली पदार्थ. केंद्राचं नाव लिहीत नाही, त्यावरून तिथे उपचार घेणाऱ्या माझ्या धाकट्या भावाची ओळख लागेल. पण घरातल्या कुणासाठी असं केंद्र शोधत असाल तर काय बघायचं, एवढं यातून कळेल.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे थापा मारत नाहीत. आम्ही गेलो होतो गोळी मागायला. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, हेरॉइन सोडवायला मेथाडोन आहे, ब्युप्रेनॉर्फिन आहे. मेथसाठी असं ठरलेलं औषध नाही. नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन आणि ब्युप्रोपिऑनची गोळी या जोडीची मोठी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात गुण आला १३.६ टक्के लोकांना, नुसत्या दिखाऊ औषधावर २.५ टक्क्यांना. ‘देऊन बघू, पण सगळी भिस्त त्यावर नको,’ म्हणाले.

मुख्य उपचार म्हणजे समुपदेशन आणि कूपन. लघवीची तपासणी स्वच्छ आली की कूपन, सलग स्वच्छ येत गेली की किंमत वाढते, चुकली की पुन्हा पहिल्यापासून. मला हे पोरकट वाटतं. चालतं मात्र, भाऊ तपासणीचा दिवस स्वतःहून लक्षात ठेवायला लागला.

तो आला तेव्हा हातांवर खपल्याच खपल्या होत्या. कातडीखाली किडे फिरतात म्हणून नखांनी उकरायचा. घरातल्या प्रत्येक प्लगवर त्याने चिकटपट्टी लावली होती, आत कॅमेरे आहेत म्हणे. मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी ना वाद घातला, ना री ओढली. ‘तुला झोप नाही आणि भीती वाटते, ते आधी कमी करू,’ एवढंच म्हणाल्या. मग आम्हाला बाजूला घेऊन समजावलं : कोकेन साधारण तासाभरात रक्तात निम्मं होतं, मेथला दहा-बारा तास लागतात. रात्रीमागून रात्री जागून काढल्या की भास आणि संशय दोन्ही बळावतात. रक्तदाब, ईसीजी, हृदयाची सोनोग्राफी त्याच आठवड्यात झाली, कारण या नशेने हृदयाचा स्नायू कमजोर होतो आणि तरुण वयातही पक्षाघात होऊ शकतो.

खरे गुण मी देते ते पुढच्या महिन्यांसाठी. सोडल्यावर आधी नुसता झोपला आणि खाल्लं. नंतर कशातच रस नाही. आवडती गाणी लावली तरी भिंतीकडे बघत बसायचा. घरात ‘आळशी’ हा शब्द सुरू झालाच होता. समुपदेशक ताईंनी तो तिथेच थांबवला. मेथ मेंदूतलं डोपामाइन, म्हणजे आनंद-उत्साहाशी जोडलेलं रसायन, भसाभस बाहेर काढतं, ती यंत्रणा सावरायला वर्षभर किंवा जास्तही लागतं, या काळात साधा आनंदही पोचत नाही, हे त्यांनी आईला कळेल असं सांगितलं. जिवाचं काही करून घ्यावंसं वाटतं का, हे त्या दर भेटीत त्याला थेट विचारायच्या.

आता दीड तारा का कापला. दातांकडे कुणी बघितलंच नाही. तोंड कोरडं पडणं, दात खाणं आणि गोड पेयं यांनी त्याच्या दाढा हिरडीपर्यंत झिजल्या होत्या. दंतवैद्य आम्हीच शोधला. सुट्टीच्या दिवशी फोन कुणी उचलत नाही, आणि तलफ काही सुट्टी घेत नाही. घरच्यांसाठी एकच बैठक, तीही घाईत उरकलेली. शिवाय बसायच्या जागेत ‘इच्छाशक्तीपुढे सारं शक्य’ असं पोस्टर आहे. आत डॉक्टर नेमकं उलटं समजावतात. काढा ते.

आणि एक : अंग भयंकर तापलंय, छातीत दुखतंय किंवा झटके येताहेत अशा माणसाला इथे आणू नका. ती सोय इथे नाही, थेट मोठ्या इस्पितळाच्या तातडीच्या विभागात न्या.