"कार्डं तुम्ही बनवा, विकत आम्ही घेतो": 15,579 रुपयांना पडलेलं वाक्य

घरबसल्या शुभेच्छापत्रं बनवायच्या योजनेत माझे किती गेले, ते आकडे आधी सांगते, म्हणजे "गेले असतील शे-दोनशे, सोड गं" असं कोणी म्हणायला नको. नोंदणी 499. किटची "परत मिळणारी" अनामत 6,500. हीट गन आणि पावडर 2,850. तयार माल पाठवायचं कुरियर 380. फेरतपासणी शुल्क 1,750. आणि टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) म्हणून 3,600. बेरीज 15,579 रुपये. बदल्यात मला मिळाली एका वकिलाच्या नावाने आलेली 8,900 ची धमकी, न वाळणारे तीन इंकपॅड आणि जाऊबाईंचा अबोला. माझ्या शब्दावर त्यांनीही 6,999 भरले होते. त्यांचे गेलेले पैसे मला माझ्या पैशांपेक्षा जास्त लागलेत.

योजना तुम्हाला माहीत असेलच. किट आमचं, मेहनत तुमची, एका शुभेच्छापत्राला 35 रुपये, 200 कार्डांचा लॉट, म्हणजे 7,000. माल पास झाला की आठवड्यात पैसे खात्यात आणि तीन लॉटनंतर अनामत परत. उदबत्ती, पेन्सिल पॅकिंग, डेटा एंट्री अशा नावांनी हाच धंदा वर्षानुवर्षं चालू आहे. मी त्या जाहिरातींना हसायचे.

मग यात कशी अडकले? कारण हे माझ्या हातातलं काम होतं. मी वर्षानुवर्षं ग्रीटिंग बनवते. डाय इंक कुठली, पिगमेंट इंक कुठली, कुठल्या कागदावर काय चालतं, पारदर्शक फोटोपॉलिमरचा, म्हणजे मऊ प्लास्टिकचा, स्टॅम्प ॲक्रेलिक ब्लॉकवर कसा बसवायचा, रबराचा कसा वापरायचा, हे मी इतरांना शिकवलंय. माझी कार्डं 120 रुपयांना गेली आहेत, त्यामुळे 35 हा दर मला अवाच्या सवा वाटला नाही, उलट कमीच वाटला. दामदुप्पट कोणी म्हटलं असतं तर मी फोन आपटला असता. ज्याने हा दर ठरवला त्याला माणसं कळतात. हावरटांसाठी वेगळ्या योजना असतात, ही कष्ट करायला तयार असलेल्या बायकांसाठी होती.

किटमध्ये 110 कार्डशीट होत्या. एका ए-फोर शीटमधून दोन कार्डं निघतात, म्हणजे 200 कार्डांना 100 पुरतात, दहा वाया जाण्यासाठी. हा हिशोब बघून मी चक्क खूश झाले. म्हटलं, काम जाणणारी माणसं आहेत. जाणणारीच होती, त्याबद्दल वाद नाही.

आता तो क्षण. रोज आठवतो आणि रोज नव्याने चीड येते.

व्हिडिओत एक मुलगी पॅडवर स्टॅम्प टेकवते, कार्डावर दाबते, उचलते आणि लगेच त्यावर बोट फिरवते. काही पुसत नाही. तिच्यासमोरचा पॅड सपाट, फेल्टचा. डाय इंकचे पॅड सहसा असेच असतात. ही शाई कागदात मुरते आणि झटकन वाळते. माझ्या पेटीतून निघाले ते फुगीर, मऊ फोमचे पॅड. बोट लावलं तर शाई दाट, लोण्यासारखी. पिगमेंट इंक. ती कागदात फारशी मुरत नाही, वर बसते. म्हणून रंग गडद दिसतो आणि म्हणूनच वाळायला वेळ लागतो. साध्या, न चकाकणाऱ्या कागदावर हे चालून जातं. पेटीतला कागद मात्र चकचकीत होता. वर लेप दिलेला, शाई आत शिरूच न देणारा. गुळगुळीत आर्ट पेपरवर पिगमेंट इंक ही जोडी मी माझ्या हाताने कधी निवडली नसती. पहिलं कार्ड छापलं, चहा करून आले, बोट लावलं. गुलाबाची पाकळी पार कडेपर्यंत ओढली गेली.

तिथेच पेटी बंद करून फोन करायला हवा होता. फोन केलाही. पण विचारलं काय, तर "दादा, हे वाळत नाहीये, काय करू?" शाई चुकीची आहे हे मला दिसत होतं, तरी मी उपाय विचारत बसले. समोरचा, स्वतःला को-ऑर्डिनेटर म्हणवणारा, इतका गोड बोलला! "ताई, तुमच्यासारख्या अनुभवी आर्टिस्टला काय सांगायचं? परदेशी क्लायंटला एम्बॉस्ड फिनिश लागतं. हीट गन घ्या, पावडर घ्या, सवलतीत देतो." 2,850. आणि ते पटण्यासारखं होतं, हीच गोम. ओल्या पिगमेंट इंकवर एम्बॉसिंग पावडर शिंपडतात, जास्तीची झटकून टाकतात आणि हीट गनने वितळवतात. अक्षरं वर उठून येतात. ही पद्धत खरीच आहे. खोटा होता तो कागद.

हीट गन लावल्याबरोबर शीट वाकायला लागल्या. किटच्या यादीत "300 जीएसएम" लिहिलेलं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आणि सोळा ए-फोर शीट मिळून एक चौरस मीटर होतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर 16 शीट ठेवल्या तर काटा 300 ग्रॅमच्या आसपास जायला हवा. माझ्या भरल्या 170 ग्रॅम. पण हे मी केलं सगळं संपल्यावर. कोणतंही किट आलं की पहिल्या दिवशी हे करा, दोन मिनिटं लागतात.

तरी 200 कार्डं केली. रात्री जागून, वाकलेली कार्डं जाड पुस्तकांखाली दाबून, नको तिथे चिकटलेली पावडर कोरड्या ब्रशने एकेक कण काढून. मुलगा म्हणाला, "आई, 200 अगदी सारखी हाताने केलेली कार्डं कोणाला हवी असतात? छापून नाही का घेणार?" मी त्याला गप्प बसवलं. तुमच्या घरात कोणी असा प्रश्न विचारला तर त्याला बसवून घ्या आणि उत्तर शोधा.

माल गेला, 380 माझे. निकाल काय, तर 27 कार्डं नापास: डाग, वाकडेपणा, "पावडर स्प्रेड". करारात कुठेतरी बारीक अक्षरात होतं की दहा टक्क्यांवर नापास झाली तर अख्खा लॉट नापास. म्हणजे 20 च्या वर. मग लक्षात येतं की मुद्दाम अशी शाई आणि असा कागद एकत्र दिला की कितीही चांगल्या हाताकडून वीस-पंचवीस कार्डं बिघडणारच. ह्या लोकांनी किट विकलं आणि त्यात नापास होणं आधीच भरून ठेवलं. बाकीच्या फसवणुकीत माणूस पळून जातो. इथे तो शेवटपर्यंत फोन उचलतो, तुमच्या कामात चुका काढतो आणि तुम्ही माफी मागता. मी मागितली. "पुढच्या वेळी नीट करते दादा."

फेरतपासणीचे 1,750 भरले. लगेच 200 पैकी 191 पास! आनंदाने मी जाऊबाईंना फोन केला आणि त्याच दिवशी त्यांनी नाव नोंदवलं. हे पण डावातच होतं, आता कळतं. मग आलं टीडीएसचं प्रकरण: "3,600 आधी भरा, सिस्टीममध्ये एंट्री झाली की 6,685 प्लस टीडीएस रिफंड." अहो, टीडीएस देणारा कापतो! पैसे देताना, त्यातूनच. घेणाऱ्याने आधी भरायचा टीडीएस ह्या जगात नाही. मला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं, ह्यांच्या पगारातून दर महिन्याला कापला जातो. पण 191 पास झाल्यावर डोकं जागेवर नव्हतं, आणि 11,979 आधीच अडकले होते. अडकलेले पैसे सोडवायला माणूस आणखी पैसे घालतो. मला हसणाऱ्यांनी एकदा करून बघावं.

बिलावरचा जीएसटी नंबर नंतर मोजला, 14 अक्षरं. खरा 15 अक्षरी असतो: पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकून बघता येतो, फुकट. निर्यात करतो म्हणणाऱ्याकडे आयात-निर्यात कोड असतो, तोही तपासता येतो. आणि क्यूआर स्कॅन केल्यावर कंपनीचं नाव न येता कोणा व्यक्तीचं नाव आलं, तर पिन टाकू नका. दरवेळी वेगळं नाव येत होतं. विचारलं तर "अकाउंट्सची वेगवेगळी माणसं आहेत ताई".

आता सरकारी पाहुणचार.

पोलीस ठाण्यात मी पेटी, बिलं, चॅटच्या प्रिंट, सगळं घेऊन गेले. हवालदारांनी एक कार्ड उलटसुलट करून बघितलं. "छान केलंय की. मग प्रॉब्लेम काय?" प्रॉब्लेम सांगितला. "किट मिळालं ना तुम्हाला? माल आला, पैसे गेले. हा व्यवहार झाला, ह्यात फसवणूक कुठे?" मग साहेब आले. साहेबांच्या मते ही दिवाणी बाब होती. मग कळलं की पैसे ज्या खात्यात गेले ते दुसऱ्या राज्यातलं, म्हणून हद्द आमची नाही. मग कळलं की ऑनलाइन पैसे भरलेत, म्हणून सायबरकडे जा. सायबरवाल्यांनी विचारलं की लिंकवर क्लिक केलं होतं का, ओटीपी दिला होता का? नाही? मग हे सायबर नाही, ठाण्यातच जा. मध्ये एकाने ऐकवलंच, "बाई, घरबसल्या पैसे कुठे मिळतात का?" मिळतात साहेब. शिवणकाम करून, डबे करून, कार्डं करून लाखो बायका मिळवतात. ह्या प्रश्नाचा राग पैशांच्या रागाहून मोठा आहे, तो जाणार नाही.

बँकेत तर सरळच: "पिन तुम्हीच टाकला." रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाचा कागद मी घेऊन गेले होते. पण त्यात संरक्षण आहे ते ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना. आपण स्वतः, दुसऱ्याच्या थापेवर, पाठवलेल्या पैशाला ते लागू नाही. तेवढं एक मान्य. पण समोरची खाती गोठवायला अर्ज पुढे पाठवा म्हटलं, तर "हेड ऑफिस बघेल". कोणतं हेड ऑफिस, कधी, कोण, काही नाही. पोचपावतीसुद्धा मागून मागून घेतली.

नंतर एका ओळखीच्या वकीलबाईंनी समजावलं ते इथे देते, कारण ठाण्यात कोणी सांगत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं आहे, जुनं 420 तिथे गेलं. फसवून पैसे द्यायला लावणं हा 318(4) खाली दखलपात्र गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (तक्रार आणि तपास कसा करायचा, त्याचा कायदा) कलम 173 म्हणतं की गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती घ्यावीच लागते. घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी टपालाने पाठवा, तिथेही नाही झालं तर न्यायदंडाधिकारी. तोंडी काहीच करू नका. मी सगळं तोंडी केलं आणि ते लोक तोंडीच नाही म्हणत राहिले.

सायबर फसवणुकीच्या 1930 ह्या हेल्पलाइनला फोन लगेच करा, पैसे गेले त्याच तासात, कारण पैसा समोरच्या खात्यात असेपर्यंतच तो अडवता येतो. मला "फसवलं गेलंय" हे कबूल करायलाच इतका वेळ लागला की खाती रिकामी झाली होती.

ग्राहक आयोगाच्या खिडकीवर ऐकलं, "तुम्ही धंदा करत होता, तुम्ही ग्राहक नाही." चूक. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 2019 च्या कायद्यात व्यापारी हेतूची धरत नाहीत. तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. ऑनलाइन दाखल केली आहे.

राहिली ती वकिलाच्या नावाची नोटीस. "करारभंग, 48 तासांत 8,900 भरा, अन्यथा वॉरंट." व्हॉट्सॲपवर, शिक्क्यासकट. करारभंगासाठी वॉरंट घेऊन कोणी दारात येत नाही. जाऊबाईंनाही तीच आली, तोच जावक क्रमांक, फक्त नाव बदललेलं. त्या घाबरून भरायला निघाल्या होत्या, ह्यांनी अडवलं. भरू नका, उत्तर देऊ नका, नंबर ब्लॉक करण्याआधी सगळे चॅट एक्सपोर्ट करून ठेवा.

तुमच्याकडेही फोमचे तीन पॅड, चकचकीत 110 शीट आणि गुलाबाचा स्टॅम्प असलेली पेटी आली असेल तर काही फेकू नका. "किट परत करा, अनामत देतो" असा फोन येईल, तो मला आला होता. किट त्यांना हवंय कारण पुरावा तोच आहे. कुरियरचं लेबल, पॅड, उरलेल्या शीट, कागदाचं वजन दिसणारा काट्याचा फोटो, सगळं एका पिशवीत ठेवा आणि बिलावरचा तो 14 अक्षरी नंबर माझ्याशी ताडून बघा. जुळला तर एकत्र तक्रार करता येईल. एकटी बाई गेली की कार्ड उलटसुलट करून बघतात.