तहसीलसमोरचं टायपिंग सेंटर : मत्ता-दायित्व भरून मिळेल, पण घरी नेऊन वाचा

दुकानाचं नाव लिहीत नाही. पुढं तक्रार आहे आणि माणूस काही वाईट नाही. अमरावती जिल्ह्यातलं, खारपाणपट्ट्यातलं तालुक्याचं गाव. तहसीलच्या फाटकासमोर लिंबाचं झाड, एका अंगाला स्टॅम्पवेंडर, दुसऱ्या अंगाला रसवंती, मधे हे सेंटर. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, कूलरला पाणी असलं तर गार हवा. बाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं : सातबारा, उत्पन्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र. मे महिन्यात त्यात एक ओळ वाढते, 'मत्ता-दायित्व भरून मिळेल'. म्हणजे आपली मालमत्ता आणि देणी यांचं दरवर्षीचं विवरण.

ती ओळ वाचून थांबणारे आम्ही सगळे सरकारी नोकर. मी कृषी सहायक. कागदावर आता 'सहायक कृषी अधिकारी' झाले आहे, पण बांधावर अजून कोणी तसं म्हणत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मधला 19 वा नियम आमच्या मालमत्तेचा. गट-ड सोडून बाकी सगळ्यांनी 31 मार्चला आपल्याकडे काय आहे आणि आपण कोणाचं काय देणं लागतो, ते 31 मेपर्यंत लिहून, लिफाफा बंद करून कार्यालयात द्यायचं. नुसतं स्वतःच्या नावावरचं लिहून भागत नाही. घरच्या माणसांच्या नावावरचं, आणि दुसऱ्याच कोणाच्या नावावर आपण काही घेऊन ठेवलं असेल तर तेही.

दर : सगळी प्रपत्रं, दोन प्रती, 150 रुपये. लिफाफ्याचे 5 वेगळे. घरी स्वतः भरता येतं, मी दोन वर्षं भरलंही. पण आमच्याकडे मेमधे दुपारी लाइट जाते, आणि ते रकाने मराठीत टाइप करता करता माझा अख्खा रविवार गेला होता. सेंटरवाले दादा तेच काम वीस मिनिटांत करतात. दोन बोटांनी टाइप करतात, पण काय वेग!

या माणसाची खरी किंमत रकान्यांत आहे. जमीन कोणत्या गावात, आजची अंदाजे किंमत किती, स्वतःच्या नावावर नसेल तर कोणाच्या आणि नातं काय, कशी मिळाली : खरेदी, वारसा, बक्षीस की गहाण, वर्षाचं उत्पन्न किती. आमच्यासारख्यांचं घोडं इथंच अडतं. सासऱ्यांचं शेत 1 हेक्टर 42 आर, खातं सामायिक, सातबाऱ्यावर चौघांची नावं. माझ्या नवऱ्याचा हिस्सा वेगळा पडलाच नाही, तर लिहायचं किती? दादांनी 15 रुपयेवाला डिजिटल सहीचा सातबारा काढला, रेडी रेकनरचा (जमिनीच्या सरकारी दरतक्त्याचा) कोरडवाहूचा दर बघितला आणि 'सामायिक, अविभक्त, अंदाजे एक चतुर्थांश' असं लिहून मोकळे झाले. मागच्या वर्षी मी तिथं पूर्ण शेताची किंमत टाकून बसले होते. म्हणजे सरकारदरबारी मी वर्षभर चौपट जमीनदारीण.

सोन्यावर आले.

"मॅडम, सोनं किती लिवू?"

"सहा तोळे."

"आजच्या भावानं लावू का लग्नातल्या?"

लग्न 2012 चं. दोन्ही भाव मनात धरले आणि हसूच आलं. शेवटी वजन लिहिलं, साल लिहिलं, 'विवाहप्रसंगी माहेरकडून' असं लिहिलं. हे वाक्य त्यांच्याकडे तयारच असतं. मागं बसलेल्या दोन शिक्षिकांनी "आमचंही तेच" म्हणून आपला नंबर आधीच सोपा करून घेतला.

माहेरच्या शेतावर मात्र आमचं वाजलं. बाबा गेल्यावर 2019 मधे फेरफार झाला, भावाबरोबर माझंही नाव सातबाऱ्यावर चढलं. मी ते सांगितलं तर दादा की-बोर्डावरून हात उचलून बसले.

"माहेरचं कोन लिवते मॅडम? एकदा लिवलं त दरवर्षी लिवा लागते. उद्या भावाले हक्कसोड करून देसान, मंग सायब इचारन का वावर कुठी गेलं."

म्हटलं, तेव्हाही लिहीन. 'वारसा' असा शब्द रकान्यात छापला आहे तो काय फक्त पोरांसाठी? त्यांनी लिहिलं, पण मान हलवत. त्या दिवशी रांगेत आम्ही पाच बाया होतो आणि माहेरचं वावर एकीनंच लिहिलं. बाकीच्यांची नावं सातबाऱ्यावर नसतील असं मला वाटत नाही.

आता तक्रार. प्रिंट हातात आली, सही केली, लिफाफा चिकटवला. घरी आल्यावर काय मनात आलं कोण जाणे, फोडून परत वाचला. स्थावरच्या प्रपत्रात माझ्या दोन ओळींखाली तिसरी ओळ : अमरावती शहरातला एक फ्लॅट. गृहकर्जासकट. मी उडालेच. दादा नवीन फाइल काढत नाहीत, आधीच्या गिऱ्हाइकाचीच उघडून नाव बदलतात, आणि ही ओळ पुसायची राहून गेली. फ्लॅट कोणाचा ते पत्त्यावरून मला लगेच कळलं. कळायला नको होतं. दुसऱ्या दिवशी गेले तर त्यांनी फुकट दुरुस्त करून दिलं, वर रसवंतीतून एक ग्लास. पण तेव्हाच स्क्रीनवर ते फोल्डर पाहिलं : तालुक्यातल्या कर्मचाऱ्यांची नावं, वर्षावर वर्षं, डेस्कटॉपवर, ना कुलूप ना काही. माझी फाइल समोर बसून काढायला लावली, रिसायकल बिनमधूनही. "तुमी पह्यल्याच मॅडम असं सांगनाऱ्या," म्हणाले. मला त्याचंच जास्त नवल वाटलं.

कारण हाच कागद आमच्या गावातल्या कोणी माहितीच्या अधिकारात मागितला, अर्जाला 10 रुपयांचं तिकीट लावून, तर बहुतेक वेळा मिळणार नाही. 3 ऑक्टोबर 2012 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवतात, गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणातला. ते प्रकरण आपल्या अकोल्याच्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयात काम केलेल्या एका अधिकाऱ्याची माहिती मागितल्यावरूनच सुरू झालं होतं. मालमत्ता ही त्या माणसाची वैयक्तिक बाब, मोठं जनहित दाखवा तर देऊ, असा त्याचा अर्थ. म्हणजे गावाला बंद, आणि टायपिंग सेंटरला उघडं.

निवडणुकीतल्या उमेदवारांचं बरोबर उलटं. त्याच कॉम्प्युटरवर दादांनी 2024 च्या विधानसभेच्या एका उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र काढून ठेवलं आहे. वेळ जात नसला की लोक वाचतात. सोनं, गाड्या, बायकोच्या नावावरचे प्लॉट, पाच वर्षांचं आयकरातलं उत्पन्न, गुन्हे. रसवंतीवाल्याला पाठ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या निकालानं हे सुरू झालं, आणि 2013 मधे त्याच न्यायालयानं सांगितलं की रकाना कोरा ठेवायचा नाही. दादांनी ती शिस्त तिथूनच उचलली : काही नसेल तिथं 'निरंक'. माझ्या फॉर्मवर अकरा वेळा 'निरंक' आहे. शेअर्स निरंक, विमान नाही म्हणून तेही निरंक लिहिलं असतं, विचारलं असतं तर.

मला विचाराल तर सोनं आणि बँक लिफाफ्यात राहू द्या, जमीन बाहेर काढा. सातबारा तर कोणीही मोबाइलवर फुकटात बघतो, मग तोच लिफाफ्यात दडवून काय मिळवतो आपण? आणि लिफाफा उघडतं तरी कोण? मागच्या वर्षीचा माझा चौपट जमिनीचा आकडा कोणी वाचला असता तर एक फोन आला असता. आला नाही. कपाटात गठ्ठा, गठ्ठ्यावर दोरी.

5 पैकी साडेतीन. अर्धा गुण चतुर्थांश हिश्श्याचा, तो न जोडता तीनच. जाणार असाल तर 25 तारखेच्या आत जा, 30 ला उन्हात उभं राहायला लागतं. सकाळी दहाच्या आधी लाइट असते. आपला पेनड्राइव्ह न्या, फाइल त्यावरच ठेवायला सांगा. लिफाफा तिथं चिकटवू नका. शाळेच्या दिवसातला खळीचा डबा त्यांच्याकडे आहे, पण मुंग्या लागलेल्या असतात.